पिरॅमिडपासून कैलासपर्यंत: प्राचीन वास्तूंवरच्या माहितीपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी मी माहितीपट दाखवते. चुना दिलेली भिंत हाच पडदा, पुढे मुलांसाठी सतरंज्या, मागे मोठ्यांसाठी खुर्च्या. सिनेमा संपला की चहा होतो आणि चहाबरोबर प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. बरेचसे प्रश्न इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडवरचे आहेत, कारण लोक सर्वांत जास्त त्याबद्दलच विचारतात.

पहिल्यांदाच बघणार आहोत. सुरुवात कशापासून करू?

ज्यात कुणीतरी प्रत्यक्ष काम करून दाखवतं, अशा माहितीपटापासून. माझी पहिली पसंती अमेरिकेतल्या 'नोव्हा' मालिकेतल्या १९९२ च्या 'धिस ओल्ड पिरॅमिड'ला. मार्क लेहनर हे पुरातत्त्वज्ञ आणि रॉजर हॉपकिन्स हे पाथरवट, दोघं मिळून गिझाजवळ एक छोटा पिरॅमिड बांधायला घेतात. १२ खाणकामगार २२ दिवसांत १८६ दगड काढतात. घसरगाडीवर ठेवलेला सुमारे दोन टनांचा दगड दोरांनी ओढायला १२ ते २० माणसं पुरतात. त्यांच्याकडे लोखंडी अवजारं होती आणि खालच्या थरांसाठी त्यांनी यंत्राची मदतही घेतली. लेहनर यांनी हे पुढे लपवलं नाही, हिशेबात धरलं. म्हणूनच या प्रयोगावर माझा विश्वास बसला.

आमच्याकडे हा भाग दाखवला तेव्हा एक पाथरवट आजोबा बसले होते. पाटे-वरवंटे घडवण्यात आणि जात्यांना टाकी लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "बाई, ती टाकी पोलादाची आहे. तांब्याची असती तर दर थोड्या वेळानं बोथट झाली असती. भट्टी बाजूलाच लागेल आणि धार लावणारा माणूस वेगळा." अभ्यासकही नेमकं हेच सांगतात. इतक्या मोठ्या खाणीत अवजारांना धार लावणाऱ्यांची एक फौजच लागली असणार.

पडद्यावर दिसतं त्यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती, हे कसं ओळखायचं?

प्रत्येक वाक्याला मनात एकच प्रश्न विचारायचा: हे कशावरून? चांगला माहितीपट याचं उत्तर दाखवतो. हाड दाखवतो, खापर दाखवतो, भिंतीवरचा लाल गेरूचा शिक्का दाखवतो. बाकीच्यांत धूर, मशाली आणि चाबूक उगारलेला मुकादम असतो. तो मुकादम नट असतो आणि चाबूक लेखकाच्या मनातला.

माझी एक सवय सांगते. रविवारी दाखवण्याआधी मी प्रत्येक माहितीपट एकदा आवाज बंद करून बघते. संगीत गेलं की पुष्कळसं 'गूढ'ही जातं. मग मी वहीत दोन रकाने पाडते, एकात पुराव्याची दृश्यं आणि दुसऱ्यात नटांची किंवा संगणकावर केलेली. पहिला रकाना रिकामाच राहिला तर तो माहितीपट मी लावत नाही. संगणकावरची चित्रं वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. तुरा या ठिकाणच्या पांढऱ्याशुभ्र चुनखडीचं आवरण अंगावर असताना पिरॅमिड कसा झळाळत असेल, हे डोळ्यांसमोर आणायला दुसरा उपाय नाही. ते चित्र अंदाजाचं आहे, एवढं निवेदकाने सांगितलं पाहिजे.

आणि "असं तर नसेल ना, की...?" ने सुरू होणारी वाक्यं मोजा. दहा मिनिटांत सहा निघाली, तर सांगणाऱ्याच्या हातात काही नाही.

पिरॅमिड गुलामांनी बांधले ना?

हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं.

१९९० मध्ये गिझाच्या पठारावर एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या जुन्या भिंतीला अडखळला. तिथे खोदल्यावर पिरॅमिड बांधणाऱ्यांची स्मशानभूमी सापडली. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तिचं उत्खनन केलं. कामगार राजाच्या पिरॅमिडच्या जवळच पुरलेले होते. सोबत परलोकासाठी भाकरीची आणि बिअरची भांडी. मुकादमांच्या थडग्यांवर त्यांच्या पदव्या कोरलेल्या. सांगाड्यांच्या पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले आहेत. हाडं मोडलेली आहेत आणि ती नीट बसवून जुळलेलीही आहेत. हात मोडलेल्या माणसावर कुणीतरी उपचार केले होते, हाड सांधेपर्यंत त्याला खाऊ घातलं होतं.

जवळच, 'कावळ्यांची भिंत' या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, लेहनर यांच्या चमूने कामगारांची वसाहत उजेडात आणली. लांबलचक दालनं, धान्याची कोठारं आणि भट्ट्या, जिथे घंटेच्या आकाराच्या जाड मातीच्या साच्यांत भाकऱ्या भाजल्या जायच्या. गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची, माशांची हाडंही ढिगाने मिळाली. कामाची सक्ती नव्हती असं मी म्हणत नाही. राजाच्या कामावर पाळीपाळीने माणसं पाठवावी लागत असणार, आपल्याकडच्या वेठीसारखी. पण साखळ्यांनी बांधलेल्या गुलामांच्या झुंडींचा पुरावा तिथे मिळालेला नाही.

टोळ्यांची नावंही उरली आहेत. पिरॅमिडच्या आत, कुणी कधी बघणार नाही अशा दगडांवर गेरूने लिहिलेली, 'खुफूचे मित्र' अशा अर्थाची. खुफू म्हणजे ज्याच्यासाठी गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला तो राजा. शेजारच्या मेनकाऊरे राजाच्या पिरॅमिडवर काम करणारी एक टोळी स्वतःला 'मेनकाऊरेचे मद्यपी' म्हणवायची. आमच्या सतरंजीवरची पोरं हे ऐकून हसतात. मलाही ते आवडतं, कारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची माणसं एकदम गल्लीतली वाटायला लागतात.

मेरेरची डायरी काय आहे? खरोखर सापडली का?

खरोखर सापडली. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ या जुन्या बंदरावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, गुंडाळ्यांचे तुकडे मिळाले. आजवर मिळालेल्या लिहिलेल्या पपायरसांत हे सर्वांत जुने. खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळातले, म्हणजे मोठा पिरॅमिड पुरा होत आला होता तेव्हाचे.

मेरेर हा सुमारे ४० माणसांच्या टोळीचा नायक. नाईलपलीकडच्या तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला पोचवायचे हे त्याचं काम. त्याची वही आपल्याकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या वहीसारखी आहे. आज तुराला दगड भरले. आज निघालो, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम. आज 'खुफूच्या क्षितिजा'ला पोचलो. हे पिरॅमिडचं त्या काळचं नाव. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा. राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ याचं नावही त्यात अधिकारी म्हणून येतं.

कुठेही चमत्कार नाही, आणि हीच या वहीची किंमत आहे. पिरॅमिड बांधणं चालू असताना त्यावर राबणाऱ्या माणसाने लिहिलेला हिशेब आपल्या हातात आहे, याहून मोठं काय हवं? मेरेरवरचा कुठलाही बरा माहितीपट मिळाला तर तो आधी बघा.

मोठ्या पिरॅमिडसाठी वीस वर्षांत २३ लाख दगड? गणितच बसत नाही!

बसतं. कागद-पेन्सिल घ्या. २० वर्षं धरली तर वर्षाला १,१५,००० दगड, म्हणजे रोज सुमारे ३१५. दहा तासांचा दिवस धरला तर साधारण दोन मिनिटांना एक. सनसनाटी माहितीपट इथेच थांबतात आणि मागे ढोल वाजतो.

पण दगड एकामागून एक एकाच वाटेने येत नव्हते. अनेक टोळ्या एकाच वेळी काम करत होत्या. वरच्या प्रयोगातल्या १२ माणसांनी दिवसाला आठ-साडेआठ दगड काढले. त्या वेगाने ३१५ दगडांना साडेचारशेच्या आसपास खाणकामगार लागतील. तांब्याच्या अवजारांमुळे तिप्पट धरा, तरी साडेतेराशे-चौदाशे. ओढणारे, होडीवाले, भाकरी भाजणारे, पाणके धरून आजचे अंदाज वीस-तीस हजारांच्या घरात जातात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लाखभर माणसं सांगितली होती, पण त्याने लिहिलं तेव्हा पिरॅमिडला दोन हजार वर्षं होऊन गेली होती.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपटांत क्वचित सांगतात. पिरॅमिड वर निमुळता होत जातो, त्यामुळे उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागातच जवळजवळ ७० टक्के दगड बसतात. मूळ उंची १४६ मीटरच्या वर, पण बहुतेक दगड पन्नास मीटरच्या आत चढवायचे होते. दहावीच्या मुलांना हे घनफळाचं गणित मी फळ्यावर करून दाखवते. 'अशक्य' हा शब्द मग कुणी काढत नाही.

इतके जड दगड वाळूतून ओढले कसे?

घसरगाडीवरून, आणि पुढची वाट ओली करून. जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र होतं: प्रचंड पुतळा दोरांनी ओढणाऱ्या माणसांच्या रांगा, आणि गाडीच्या पुढ्यात उभा राहून पाणी ओतणारा एक जण. ते पाणी विधीचं असेल, असं बराच काळ मानलं गेलं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पदार्थवैज्ञानिकांनी प्रयोग केला. योग्य प्रमाणात ओली केलेली वाळू घट्ट धरते, गाडीपुढे तिचा ढीग साचत नाही आणि ओढायला लागणारा जोर जवळपास निम्मा होतो.

कोकणातल्या मुलांना हे समजवावं लागत नाही. किनाऱ्यावर कोरड्या वाळूत सायकल रुतते आणि लाट ओसरलेल्या ओल्या पट्ट्यावर पळते.

वर चढवण्याच्या उतारांचा, म्हणजे रॅम्पचा, नेमका आकार काय होता यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. २०१८ मध्ये इजिप्तमधल्याच हतनूबच्या खाणीत खुफूच्या काळातला एक तीव्र उतार मिळाला. त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्याची भोकं आहेत. म्हणजे खांबांना दोर वेढून ओढत असावेत. एकच एक आराखडा छातीठोकपणे सांगणारा माहितीपट दिसला तर सावध राहा.

पिरॅमिडमध्ये गुप्त खोली सापडली, हे खरं का?

पोकळी सापडली आहे. तिला 'खोली' म्हणायला आधार नाही. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात म्युऑन नावाचे कण तयार होतात. ते दगडातूनही आरपार जातात, पण दाट भागात कमी होतात. खाली हे कण टिपणाऱ्या पट्ट्या ठेवून कुठून जास्त म्युऑन आले ते मोजलं की पोकळ जागा कळते, जणू क्ष-किरणांचा फोटो. 'स्कॅनपिरॅमिड्स' प्रकल्पाने २०१७ मध्ये पिरॅमिडच्या आतल्या मोठ्या दालनाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये उत्तरेकडच्या मूळ प्रवेशद्वाराच्या मागे सुमारे नऊ मीटरचा बोळ असल्याचं सांगितलं आणि दगडांच्या फटीतून बारीक कॅमेरा घालून तो दाखवलाही. रिकामा आहे. वरच्या दगडांचा भार विभागायला ठेवलेल्या जागा असाव्यात, असं बऱ्याच जाणकारांना वाटतं. "खजिना" हा शब्द शीर्षकात दिसला तर पुढे जा.

आणि परग्रहवासीयांचं काय?

या प्रश्नाला मी कधीच हसत नाही. विचारणारा बहुतेक वेळा शाळकरी मुलगा असतो आणि त्याने मोबाइलवर बघितलेल्या दहा चित्रफितींत हेच सांगितलेलं असतं. पण मला याचा राग येतो. मोडलेल्या हाडांनी, झिजलेल्या मणक्यांनी ज्यांनी हे उभं केलं, त्यांचं श्रेय हिरावून घेणं आहे ते. आणि हा संशय घ्यायचा कुणावर, तर इजिप्त, पेरू, भारत इथल्या माणसांवर. युरोपातल्या चर्चच्या मोठमोठ्या इमारतींबद्दल असं कुणी म्हणत नाही.

आपल्या वेरूळच्या कैलासबद्दलही हेच सांगितलं जातं: "इतका दगड माणसाने काढणं शक्य नाही." डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा साधा हिशेब मांडला होता. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड फोडतो असं धरलं, तर २५० माणसं साडेपाच वर्षांत हे काम करतील. करून बघा: दिवसाला एक हजार घनफूट, साडेपाच वर्षांचे साधारण दोन हजार दिवस, म्हणजे वीस लाख घनफूट. बेसॉल्टचा एक घनफूट जवळपास ८० किलोचा, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार टन. चार घनफूट म्हणजे किती? दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच असा ठोकळा. आमचे पाथरवट आजोबा म्हणाले, "जमेल. पण हात चांगला हवा आणि पोट भरलेलं हवं."

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे मुख्य काम झालं. आपल्या लोकांनाही त्याचं नवल वाटलं होतंच, पण त्यांनी उत्तर माणसातच शोधलं. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त गोष्ट आहे: राणीने नवस केला की देवळाचा कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. कारागीर म्हणाले, याला महिने लागतील. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला आणि त्याने कळसापासूनच खोदायला सुरुवात केली. गोष्ट पुढे रचलेली असेल, पण देऊळ वरून खाली कोरलंय हे तिला बरोबर ठाऊक आहे.

प्रयोग फसला तर तो माहितीपट वाया गेला का?

उलट, फसलेले प्रयोग जरूर बघा. 'नोव्हा'च्याच मालिकेत इजिप्तमध्ये २५ टनांचा ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, उभा करायचा प्रयत्न झाला आणि तो अर्ध्यावर अडकला. ते त्यांनी तसंच दाखवलं. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका खाणीत पुन्हा प्रयत्न केला. खड्ड्यात वाळू भरून ती खालून हळूहळू काढत नेली, ओबेलिस्क आपल्या वजनाने उतरत कलत गेला आणि शेवटी दोरांनी सरळ केला. आधीचं अपयश पाहिलेलं असलं की तो क्षण अंगावर काटा आणतो.

प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या मोआई या प्रचंड दगडी पुतळ्यांचंही तसंच. "पुतळे चालत आले," असं तिथले रापानुई लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि पाहुणे ते भाकडकथा म्हणून सोडून देत. टेरी हंट आणि कार्ल लिपो या पुरातत्त्वज्ञांनी चार टनांहून जड प्रतिकृती केली. तीन दोर आणि १८ माणसं. दोघा बाजूंनी आळीपाळीने ओढलं की पुतळा डोलत डोलत पुढे सरकतो. कपाट जागेवरून हलवताना आपण एकेक कोपरा पुढे घेतो, तसंच. ते दृश्य लावलं की मुलं उठून स्वतः तशी चालून दाखवतात.

जुने माहितीपट बघावेत का?

बघावेत, पण वर्ष बघून. १९९० च्या आधीच्यात कामगारांची स्मशानभूमी नसेल, २०१३ च्या आधीच्यात मेरेर नसेल. पिरॅमिडशेजारी पुरलेली खुफूची होडी पिरॅमिडला लागून असलेल्या संग्रहालयात दाखवली असेल तर ते चित्रण २०२१ च्या आधीचं. त्या वर्षी ती नव्या मोठ्या संग्रहालयात हलवली.

मराठीत मिळतात का?

फार थोडे. हिंदी डबिंग मिळतं, पण ते बरेचदा मूळ निवेदनापेक्षा भडक असतं. मूळ इंग्रजीत "कदाचित" असतं तिथे हिंदीत "रहस्य" होतं. म्हणून मी आवाज बंद ठेवून मराठीत स्वतः सांगते. तुम्हीही घरी करून बघा. आधी एकदा ऐका, मुद्दे टिपा, मग मुलांना आपल्या बोलीत सांगा. मधे थांबवता येतं, मागे नेता येतं आणि "हे कशावरून?" असं मुलांनी विचारलं की तिथेच शोधता येतं.

लहान मुलांना कधीपासून दाखवावेत?

बांधकामाचे कधीही. ममींचे जरा थांबून, आठ-नऊ वर्षांनंतर, आणि पहिल्यांदा सोबत बसून. रात्री झोपायच्या आधी नको.

पिरॅमिड सोडून आणखी काय बघू?

कंबोडियातलं अंगकोर. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेसरने जंगलाखालची जमीन मोजली आणि देवळांभोवतीचे रस्ते, तलाव, वस्त्या असं अख्खं नगर नकाशावर आलं. आणि जवळचं हवं असेल तर कच्छमधलं धोलावीरा, हडप्पा संस्कृतीतलं प्राचीन शहर. तिथे उंच मनोरे नाहीत, पण दुष्काळी बेटावर पाणी साठवायला दगडात बांधलेले हौद आहेत. आमच्या दुष्काळी भागातली माणसं ते फार लक्ष देऊन बघतात.

वेरूळला जातो आहोत. माहितीपट बघून गेलं तर काय वेगळं दिसेल?

लेणं क्रमांक १६ मध्ये, म्हणजे कैलासमध्ये, थेट आत शिरू नका. बाजूने टेकडीवर जाणारी वाट उघडी असेल तर आधी वर जा. शिखर तुमच्या पायांच्या पातळीला येईल आणि काम जिथून सुरू झालं त्या जागी तुम्ही उभे असाल. मग खाली उतरा आणि अंगणाच्या उंच भिंतींजवळ जा. उन्हं तिरपी असतात तेव्हा टाकीचे चर ठळक दिसतात, तिरके, एकाशेजारी एक, एकाच हाताच्या लयीत. अर्धवट सोडलेली लेणीही चुकवू नका, काम कसं चालायचं ते तिथेच सर्वांत चांगलं कळतं. पाण्याची बाटली घ्या, सकाळी लवकर पोचा. मंगळवारी वेरूळ बंद असतं.